साच्यावर सगळं बरोबर होतं

३ मार्च, सोमवार

आज सकाळी लॅबमध्ये गेले तर माझं टेबल आणि त्यावरची दात कोरायची मोटर जागेवर नव्हती. तिथे कपाटाएवढं एक पांढरं खोकं, आणि त्याच्या काचेआड एक दात आपला आपण घडत होता. पाण्याची बारीक धार, दात गोल फिरतोय, शेजारी माणूस नाही. मला आधी वाटलं, माझं टेबल खिडकीपाशी सरकवलं असेल. मी खिडकीपर्यंत जाऊनसुद्धा आले.

मालकांनी आत बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली. ते कुणाला खुर्ची देत नाहीत, तेव्हाच मला कळायला हवं होतं. म्हणाले, आता डॉक्टर तोंडाचा फोटो थेट कॉम्प्युटरवर पाठवतात, प्लास्टरचे साचे येणं बंदच होत चाललंय. दातांवरच्या कॅपा काय, कवळ्या काय, सगळं मशीनवर. मग म्हणाले, "तुमच्यासारखी कारागीर परत मिळायची नाही." मी म्हटलं, मग पाठवताय कशाला. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

मला आणि मेणकाकांना, दोघांनाच काढलंय. मेणकाका म्हणजे मेणात दात लावून देणारे आमचे म्हातारबुवा. ते रडले. मला रडू आलं नाही. मी फक्त माझा लोखंडी जबडा पिशवीत घातला. वरचा नि खालचा साचा बसवून दात एकमेकांवर कसे टेकतात ते बघायचं बिजागरीचं यंत्र आहे ते, आणि माझ्या स्वतःच्या मालकीचं आहे. घरी येऊन बाबांना सांगितलं, तेव्हा ते "बरं" म्हणाले आणि बराच वेळ माझ्या पिशवीकडे बघत राहिले. मला अजून खरं वाटत नाहीये.

४ मार्च, मंगळवार

नेहमीच्या वेळी उठले, आवरलं, चपला घातल्या, दाराला हात लावला. मग आठवलं. चपला काढायला किती वेळ लागला कोण जाणे.

बाबा मात्र दुपारी निघाले. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते दृष्टिहीनांच्या वाचनालयात जाऊन मोठ्याने वाचतात. पेपर, गोष्टी, प्रवासवर्णनं, लोक म्हणतील ते. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन. पेन कशाला लागतं देव जाणे. जाण्याआधी अख्खं सफरचंद कचाकचा खाऊन गेले, घसा मोकळा होतो म्हणे. त्यांना या वयात काम आहे आणि मला नाही, हे आज पहिल्यांदाच डोक्यात आलं.

८ मार्च, शनिवार

धाकटी आली होती. माझी बहीण, शाळेत मास्तरीण, त्यामुळे प्रत्येकाशी वर्गात असल्यासारखं बोलते. म्हणाली, ताई, जरा आराम कर, फिरायला जा, चेहरा बघ कसा झालाय. मी म्हटलं, मला चेहरे बघायची सवय नाही, दात दाखव. ती हसली. तिच्या समोरच्या दातांमधली फट वाढलीये, मी तिला बोलले नाही.

वरच्या मजल्यावर नवीन भाडेकरू आलेत. जिन्यात बाईंनी विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हटलं, दातांच्या लॅबमध्ये असते. "असते". तोंडातून गेलं ते गेलं. दोन जिने उतरेपर्यंत कान गरम होते. मग मनात आलं, "असायचे" म्हटलं असतं तर पुढे काय सांगणार होते? आता मी काय करते? भांडी घासते?

बाजारात लोकांच्या तोंडाकडे बघत राहते. भाजीवाल्याची समोरची कॅप इतकी पांढरी आहे की दिवा लावल्यासारखी दिसते. कुणीतरी घाईत केलीये. असं मनात आलं की क्षणभर बरं वाटतं, आणि मग जास्तच वाईट वाटतं.

१५ मार्च, शनिवार

दुसऱ्या एका लॅबमध्ये काम मागायला जाऊन आले. तिथल्या पोराने मला पडद्यासमोर बसवलं आणि माउस हातात देऊन दाढ घडवायला सांगितलं. माझ्या बोटांना दाढ अंधारातसुद्धा येते, पण तिथे माझी दाढ बटाट्यासारखी दिसत होती. तो "शिकाल हळूहळू" म्हणाला. इतका चांगला मुलगा, की त्याच्यावर चिडतासुद्धा आलं नाही.

मेणकाकांचा फोन आला. ते रंगाच्या दुकानात लागलेत, गिऱ्हाइकाला हवी ती छटा कालवून देतात. "मी आता रंगवाला," म्हणाले, आणि चक्क हसले! माणूस इतक्या लवकर दुसरा कुणी होऊ शकतो यावर माझा विश्वासच बसेना. मी फोन ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिले. बाबा दोनदा दारात येऊन गेले.

१७ मार्च, सोमवार

बाबा सकाळी म्हणाले, कवळी जरा हलतेय, बघतेस का? मी म्हटलं, कधीपासून? म्हणाले, झाले दोन-चार दिवस, वरची, डावीकडे. आणि काढून, धुऊन, रुमालावर ठेवून माझ्या पुढ्यात ठेवली. वरची नि खालची, दोन्ही.

इतक्या वर्षांत मी त्यांची कवळी नीट बघितलीच नव्हती! ती मी लॅबला लागायच्या आधीची, कुणा दुसऱ्याच्या हातची. बघितलं आणि डोळे पांढरे झाले. दाढा झिजून सपाट झालेल्या, डावी बाजू उजवीपेक्षा बसकी, टाळूकडचा भाग इतका पातळ की उजेड दिसेल. असल्या कवळीवर बाबा सफरचंद खातात तरी कसे? मी लगेच आतून प्लास्टर ओतलं, साचे काढले, लोखंडी जबड्यात बसवले. दात टेकतात तिथे ठिपका उमटवणारा निळा कागद मध्ये धरून जबडा मिटला. एका दाढेचा ठिपका धड जागेवर पडेल तर शपथ. सगळा चावा डावीकडे घसरलेला.

मला इतका आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटतेय, पण झाला.

१९ मार्च, बुधवार

काम झालं. झिजलेल्या दाढांवर थर चढवून उंची दिली, घसरणारे उतार घासून काढले, टाळूचा पातळ भाग भरून घेतला आणि घरातल्या जुन्या मोटरवर आरशासारखं पॉलिश केलं. जबडा मिटला की सगळे निळे ठिपके दोन्हीकडे सारखे, ओळीत. लॅबमध्ये असते तर मालकांनी चार जणांना बोलावून दाखवलं असतं.

दोन दिवस बाबा बिचारे कवळीशिवाय पेज पीत बसले होते. काल मंगळवार, पण वाचनालयात निरोप धाडून घरीच राहिले. आज घातली. आरशात बघितलं. मी विचारलं, कशी आहे? ते थोडं थांबून म्हणाले, "झकास. हलत नाही." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी लहान होते तेव्हा ठेवायचे तसा.

मेणकाकांना फोन करून सगळं सांगितलं. म्हटलं, ते पांढरं खोकं झिजलेली कवळी दुरुस्त करणार आहे का? मेणकाका म्हणाले, "तोंडात घालून बघितलंस? खाताना, बोलताना?" मी म्हटलं, काका, साच्यावर बरोबर आहे म्हणजे बरोबर आहे. लॅबमध्ये आपण हेच म्हणायचो की! एवढं नेटकं काम आपण पाठवतो आणि डॉक्टर तोंडात बसवताना खरवडून त्याची वाट लावतात. पूर्वी यावर ते पोट धरून हसायचे. आज हसले नाहीत. रंगात बसून माणूस बदलला.

२५ मार्च, मंगळवार

ठरवलंय. घरीच काम सुरू करायचं. जुन्या कवळ्या दुरुस्त करून देणार. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली टेबल टाकलं, भिंत पुसली. आज जिन्यात वरच्या बाई भेटल्या, तर मी आपणहून म्हटलं, मी कवळ्या करते. त्यांच्या सासूबाईंची बसत नाही म्हणे. आणा, म्हटलं.

बाबांची भूक जरा कमी झालीये. पोळी कुस्करून दुधात घालतात. बोलणंही कमी केलंय. बोलले तर एकेक शब्द, तोंडापुढे हात धरून. वय झालं. आज मात्र वेळेवर वाचनालयात निघाले, शर्ट, पेन सगळं व्यवस्थित. आल्यावर विचारलं, कसं झालं वाचन? मान डोलावली.

४ एप्रिल, शुक्रवार

धाकटी येऊन गेली. जाताना दारात म्हणाली, ताई, बाबा काही सांगताहेत का तुला? मी म्हटलं, काय सांगायचंय? म्हणाली, त्यांचे गाल बघ. मी म्हटलं, गाल आता भरलेले दिसतात, कारण उंची बरोबर आली. ती निघून गेली. तिला माझं कुठलंच काम कधी कळलेलं नाही. फळ्यावर खडू घासणारीला काय कळणार?

वरच्या बाईंच्या सासूबाईंची कवळी आणून ठेवलीये. उद्या साचे काढते. तिचाही चावा सगळा वाकडा आहे. लोकांच्या तोंडात इतकी वाकडी कामं आहेत, आणि सगळे तसेच खाताहेत, हसताहेत.

९ एप्रिल, बुधवार

लिहावंसं वाटत नाहीये. तरी लिहिते.

दुपारी वाचनालयाच्या बाईंचा फोन आला. बाबांना विचारत होत्या, तब्येत कशी आहे? मी म्हटलं, ठणठणीत, कालच तर आले होते तुमच्याकडे. बाई म्हणाल्या, नाही हो, मार्चच्या शेवटी एकदा आले, त्यानंतर नाहीत. मला वाटलं, त्या दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताहेत.

हळूहळू सगळं सांगितलं त्यांनी. बाबांनी त्या दिवशी एक पानभर वाचलं. दर दोन शब्दांनी टक टक आवाज आणि 'स' आला की शिट्टी. ऐकणाऱ्यांना दिसत नाही, त्यांना सगळं आवाजातूनच कळतं. कुणीतरी साधेपणाने विचारलं, हा आवाज कसला येतोय? दुसरा म्हणाला, खिडकी वाजत असेल. बाबांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, जरा नीट झालं की येतो. बाई म्हणाल्या, सगळे वाट बघताहेत, गोष्ट अर्धी राहिलीये.

संध्याकाळी बाबांना मुद्दाम विचारलं, काल काय वाचलंत? म्हणाले, "गोस्ट. सान होती." मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. गेले कित्येक दिवस मी त्यांच्या दातांकडे बघत होते. तोंडाकडे आज बघितलं.

११ एप्रिल, शुक्रवार

त्यांच्या मागोमाग गेले. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन. वाचनालयाच्या गल्लीपाशी ते वळलेच नाहीत. सरळ बस डेपोत गेले आणि जिथे गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या असतात तिथल्या बाकावर बसले. पिशवीतून पुस्तक काढलं आणि मोठ्याने वाचायला लागले. त्या घरघरीत कुणाला काही ऐकू येत नव्हतं, म्हणूनच ती जागा निवडली असणार. एक ओळ वाचायचे, थांबायचे, तीच ओळ पुन्हा. मग रुमाल तोंडाला लावायचे, बघायचे, घडी घालून आत ठेवायचे.

मी शेजारी जाऊन बसले तेव्हा ते दचकले. मी म्हटलं, बाबा, रुमाल दाखवा. दाखवला नाही. मी तो त्यांच्या खिशातून काढला. लाल ठिपके होते.

"काढा ती," मी म्हटलं.

"नको. बसत आलीये आता. सवयीचा प्रश्न आहे." हे सगळं शिट्ट्या मारत. एरवी एकेका अक्षराची काळजी घेणारा माणूस.

मग मी विचारलं. "बाबा, खरं सांगा, तेव्हा हलत होती का?"

ते समोरच्या गाडीकडे बघत राहिले. गाडी सुटली. मग म्हणाले, "तू नुसती हातांकडे बघत बसायचीस. मला बघवेना. माझ्याकडे द्यायला काम म्हणून एवढंच होतं."

मी रुमालाची घडी घातली आणि तो माझ्या पिशवीत ठेवला.

१२ एप्रिल, शनिवार

सकाळपासून कवळी हातात घेऊन बसलेय. चढवलेला थर काढता येईल. टाळू पुन्हा पातळ करता येईल. पण जे उतार मी घासून टाकले ते आणायचे कुठून? वर्षानुवर्षं बोलून, खाऊन, वाचून बाबांच्या जबड्याने ते आपल्यापुरते पाडून घेतले होते. डावीकडे घसरलेला चावा हा बाबांचा चावा होता. मी तो वाकडा म्हणून सरळ केला.

उभ्या आयुष्यात मी हजारो दात केले असतील. जिवंत माणसाच्या तोंडात बोट घालून बघितलेला दात एकही नाही. मी म्हणायचे डॉक्टर आमच्या कामाची वाट लावतात. ते काम पूर्ण करत होते हे मला आज कळतंय, या वयात, बापाचं तोंड सोलून काढल्यावर. मग मी नक्की कोण होते इतकी वर्षं?

वरच्या बाईंच्या सासूबाईंची कवळी आहे तशी परत करून आले. म्हटलं, हिला हात लावू नका, छान आहे. बाई म्हणाल्या, तुम्ही करता ना हे काम? मी म्हटलं, नाही.

१४ एप्रिल, सोमवार

बाबांना दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. वर्षानुवर्षं आमच्या लॅबला काम पाठवणारे हेच डॉक्टर, पण मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, त्यांनी मला नव्हतं. त्यांच्या चिठ्ठ्यांवरचं गिचमिड अक्षर मात्र ओळखीचं. त्यांनी बाबांच्या तोंडात दिवा धरला आणि श्वास ओढला. हिरड्यांवर दोन्हीकडे जखमा. मग कवळी उलटसुलट करून विचारलं, "हे कुणी केलं?"

बाबा ताबडतोब म्हणाले, "मीच. घरी कानस होती." दात काढलेले, बोलणं सगळं बोळकं, आणि चेहरा असा की मागे हटणार नाही.

डॉक्टर म्हणाले, कानशीने असं पॉलिश येत नाही. हे लॅबमधलं हात बसलेलं काम आहे.

"मी केलं," मी म्हटलं. "मी कवळ्या करते. तुमच्या लॅबमध्ये होते." नोकरी गेल्यापासून पहिल्यांदाच हे सगळं, 'होते'सकट, न अडखळता तोंडातून आलं. कुठे आलं तर इथे. गुन्हा कबूल करताना. माझी मलाच शिसारी आली.

डॉक्टरांनी कवळी अलगद ट्रेमध्ये ठेवली. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, ही आता गेली, नवीन करावी लागेल. हिरड्या भरल्या की मापं घेऊ. एका गावाला एक जण अजून हाताने करून देतो, पण वेळ लावतो. नाहीतर मशीन. बाबा मध्येच म्हणाले, "हीच करेल. हिच्या हातची हवी मला."

मी त्या मशीनला महिनाभर शिव्या घातल्या आहेत. फिरणारा तो दात माझ्या स्वप्नात येतो. पण तोंडाचा नेमका फोटो, चावा आहे तसा, मध्ये प्लास्टर नाही, मध्ये मी नाही. बाबांना परत वाचता यायचं असेल तर उत्तर एकच होतं, आणि ते मला त्या खोलीत सगळ्यांच्या आधी कळलं.

"मशीनचीच करा," मी म्हटलं. "आणि मापं घेताना त्यांना वाचायला लावा. नुसतं तोंड मिटून घेऊ नका." डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. घरी आल्यावर खिडकीखालचं टेबल काढून टाकलं. माझं कारागीरपण आज संपलं, आणि ते मीच माझ्या तोंडाने संपवलं.

६ मे, मंगळवार

नवीन कवळी आली. बसवण्याआधी डॉक्टरांनी डबी उघडून माझ्या हातात दिली, का कुणास ठाऊक. मी उजेडात नेली. कडा बघितल्या, टाळू बघितला, दाढांचे खळगे नखाने चाचपले. मला चूक हवी होती. एकतरी. सापडली नाही. मी ती गुपचूप परत दिली.

बाबांनी घातली. ओठ मिटले, उघडले, जीभ फिरवली. डॉक्टर म्हणाले, बोला काहीतरी, वाचा हवं तर, आणि त्यांनी पेपर पुढे केला. बाबांनी पेपर घेतला नाही. ते खुर्चीत ताठ बसले. या माणसाने आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं नाही. बढतीसुद्धा नाही, बदलीसुद्धा नाही, आई आजारी असताना रजासुद्धा नाही.

"साहेब," ते म्हणाले, "माझ्या मुलीसाठी तुमच्याकडे एखादं साधंसं काम असेल का?"

मला जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं. दारात उभी असलेली नर्ससुद्धा खाली बघायला लागली. मी "बाबा, उठा" म्हणणार होते, पण थांबले, कारण मी ऐकत होते. एकदाही टक झालं नव्हतं. प्रत्येक 'स' स्वच्छ आला होता.